पडून राहिलेला लॅपटॉप आधी उघडावा, मग चालू करावा

जुना लॅपटॉप वापराने झिजतो, त्यापेक्षा पडून राहिल्याने अधिक बिघडतो. माळ्यावरच्या पेटीतून किंवा भंगाराच्या ढिगातून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे एखादे यंत्र हाती आले, की ‘चालू होतो का?’ हाच पहिला प्रश्न असतो आणि ॲडॅप्टर सापडला तर लगेच पिन लावलीही जाते. तो मोह आवरावा आणि आधी स्क्रू ड्रायव्हर हाती घ्यावा, असा माझा आग्रह आहे. अशा यंत्रात बॅटरीतले रसायन, कपॅसिटरमधला द्रव, बिजागरीतले ग्रीस आणि पडद्यावरची फिल्म या गोष्टी बटण कधीही न दाबता आपापल्या गतीने नासत असतात, आणि अशा बोर्डात वीज सोडली की दुरुस्त होण्याजोगा दोष क्षणात कायमचा होऊन बसतो.

नाशिकमध्ये हे काम निव्वळ हौसेचे राहत नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान वर्कशॉपमध्ये नव्वदच्या दशकातल्या सीएनसी लेथ (संगणकाच्या सूचनांनी चालणारी कातकामाची यंत्रे) आणि त्याहून जुने पीएलसी (यंत्रे चालवणारे औद्योगिक नियंत्रक) अजून रोजचे काम देत आहेत, आणि त्यांच्यासाठी सीरियल पोर्ट (माहिती एकेक बिट करून पाठवणारी जुनी जोडणी) असलेला, डॉस ही विंडोजपूर्वीची ऑपरेटिंग सिस्टिम चालणारा संगणक लागतो. सीमेन्सच्या एस५ मालिकेतल्या पीएलसीचा प्रोग्रॅमिंग पोर्ट तर आरएस-२३२ या नेहमीच्या सीरियल प्रकारचासुद्धा नाही. तो २० मिलिअँपिअरच्या करंट लूपवर, म्हणजे व्होल्टेजऐवजी विद्युतप्रवाहाने संदेश देणाऱ्या जोडणीवर चालतो आणि मध्ये वेगळा कन्व्हर्टर घालावा लागतो. नवा लॅपटॉप आणि यूएसबी-सीरियल केबल घेतली की भागेल असे अनेकांना वाटते, आणि पुष्कळदा भागतेही. पण डॉसच्या काळातले कित्येक प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला ठेवून थेट ३एफ८ या पत्त्यावरच्या यूएआरटी, म्हणजे सीरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपशी व्यवहार करतात, आणि यूएसबी केबलने तयार केलेला पोर्ट त्यांना त्या पत्त्यावर सापडतच नाही. अंबडच्या एका वर्कशॉपचे मालक मला म्हणाले, “दादा, मशिन ठणठणीत आहे हो, त्यात प्रोग्रॅम टाकायचा डबाच गेलाय.” त्यांचा तो डबा म्हणजे १९९४-९५च्या सुमाराचा, ४८६ प्रोसेसरचा लॅपटॉप. पुढचे बरेचसे लिहिणे त्याच्याच अनुषंगाने आहे.

त्या काळच्या अनेक लॅपटॉपमध्ये घड्याळ चालू ठेवण्यासाठी आणि सेटअपची माहिती जपण्यासाठी मुख्य बॅटरीखेरीज निकेलच्या लहान सेलचा एक संच आत दडवलेला असतो. नंतरच्या यंत्रांत रूढ झालेला सीआर२०३२ हा लिथियमचा चपटा सेल सहसा गळत नाही. निकेलचे सेल मात्र वर्षानुवर्षे रिकामे राहिले की त्यांतला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्राव बाहेर झिरपतो, बोर्डावरच्या हिरव्या लेपाखाली शिरतो आणि तांब्याचे ट्रॅक (वीज वाहून नेणाऱ्या रेषा) खाऊ लागतो. या लॅपटॉपचा कीबोर्ड उचलताच उजव्या कोपऱ्यात तो थर दिसला. द्राक्षबागेसाठी बोर्डो मिश्रण कालवताना मोरचुदाचा जसा निळा-हिरवा रंग बादलीत दिसतो, अगदी तसाच तो होता, आणि त्याच्या कडेला एका चिपचे चार पाय काळवंडून इतके ठिसूळ झाले होते की चिमट्याचे टोक लागताच त्यांतला एक तुटून आला.

अशा वेळी गळका संच कापून काढणे हे पहिले काम. सांडलेला द्राव अल्कधर्मी असल्यामुळे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो भाग पुसावा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरून मऊ ब्रशने स्वच्छ करावा. हे झाल्यावरच खरे नुकसान दिसते. मल्टीमीटर कंटिन्युटीवर (वाट अखंड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून प्रत्येक संशयित ट्रॅक दोन्ही टोकांकडून तपासावा लागतो, कारण वरून अखंड दिसणारा ट्रॅक आतून तुटलेला असू शकतो. जिथे बीप येत नाही, तिथे बारीक एनॅमलच्या तारेचा जंपर, म्हणजे तुटलेली वाट जोडणारा पूल टाकायचा. ही तार, फ्लक्स आणि आयपीए महात्मा गांधी रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत सहज मिळते. मोबाईलवाल्यांमुळे आमच्यासारख्यांची सोय झाली आहे, हे मान्य करावेच लागेल. धुतलेला बोर्ड आषाढ-श्रावणातल्या हवेत लवकर वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात तो पंख्याखाली भरपूर वेळ ठेवावा.

दुसरा छुपा शत्रू म्हणजे सरफेस माउंट (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले) ॲल्युमिनियम कपॅसिटर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या यंत्रांत ते हमखास गळतात. त्यांची ओळख नाकाने पटते, कारण गळलेल्या कपॅसिटरला सोल्डरिंग आयर्न टेकवले की मासळीसारखा वास सुटतो. मी त्यांच्या जागी टँटलमचे कपॅसिटर लावतो, मात्र तिथे एक सापळा आहे. ॲल्युमिनियमच्या कपॅसिटरवरचा पट्टा ऋण टोक दाखवतो, तर टँटलमवरचा पट्टा धन टोक दाखवतो. पट्टा पाहून पट्टा जुळवला, तर टँटलम उलटा बसतो आणि वीज देताच पेटू शकतो. शिवाय टँटलमला व्होल्टेजची ऐसपैस सूट ठेवावी. पाच व्होल्टच्या लाइनवर मी सोळा व्होल्टचाच घेतो.

बिजागरीबद्दल थोडक्यात सांगतो. तिच्यातले ग्रीस घट्ट होते, प्लॅस्टिक वयाने कडक होते, आणि झाकण नेहमीच्या जोराने उघडले की प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नट्या उखडून येतात. झाकण पहिल्यांदा उघडताना दोन्ही हातांनी, अगदी सावकाश उघडावे आणि आधी बिजागरीचे स्क्रू सैल करावेत. उखडलेली नटी दोन भागांच्या इपॉक्सीने पुन्हा बसते.

पडद्याची गोष्ट निराळी आणि जास्त दुःखद. एलसीडीच्या काचेवरची पोलरायझर फिल्म (चित्र दिसण्यासाठी प्रकाश गाळणारा पापुद्रा) सेल्युलोज ट्रायॲसिटेटच्या थरांत बसवलेली असते. उष्णता आणि दमटपणा यांनी ते थर विघटित होऊन ॲसिटिक ॲसिड सुटते. म्हणजे बोर्डाला ज्या व्हिनेगरचा उतारा, त्याचाच वास पडद्याच्या आजाराची खूण असतो. कडांपासून सुरकुत्या आणि फोड दिसू लागले की फिल्म सोलून नवी लावता येते, पण जुना चिकट थर काचेवरून काढणे हे फार कंटाळवाणे काम आहे. पडद्याला मागून उजेड देणारा आतला कोल्ड कॅथोड दिवा सुरू करणारा इन्व्हर्टर हजार व्होल्टच्या आसपासचा दाब निर्माण करतो, म्हणून झाकण उघडे ठेवून पडदा तपासताना इन्व्हर्टरच्या पट्टीजवळ बोट नेऊ नये. दिवा तांबूस उजेड देत असेल तर तो म्हातारा झाला आहे, इतकेच. त्या जागी एलईडीची पट्टी बसवणारे बरेच आहेत. मला मात्र तो थोडा मंद उजेडच त्या यंत्राला शोभतो असे वाटते.

हार्ड डिस्क चालत असेल तर तिच्यावर काहीही लिहिण्याआधी तिची संपूर्ण प्रत काढावी. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यूइतके समंजस साधन नाही. ते आधी डिस्कचा निरोगी भाग वाचून घेते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि नंतर त्यांच्याकडे वळते. वर्कशॉपच्या बाबतीत तर लॅपटॉपपेक्षा त्या डिस्कवरचे प्रोग्रॅम आणि पॅरामीटरच अधिक मोलाचे असतात. प्रत हाती आल्यावर मी डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवतो. या कार्डाला आयडीईची, म्हणजे त्या काळच्या हार्ड डिस्कची भाषा मुळातच येते, त्यामुळे ४४ पिनांचा साधा अडॅप्टर पुरतो. फक्त कार्ड लहान घ्यावे, कारण त्या पिढीतले पुष्कळ बायॉस (यंत्र सुरू करणारे मूळ प्रोग्रॅम) १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर या डिस्कवरची जागा मोजण्याच्या एककांच्या पलीकडे मोजत नाहीत, म्हणजे सुमारे ५२८ मेगाबाइटनंतरची जागा त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसते.

इतके सगळे झाल्यावर वीज. ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि पिनेची ध्रुवता मल्टीमीटरने मोजून पाहावी. ‘पिन बसते’ हा पुरावा नव्हे. आयबीएमच्या टी४२सारख्या थिंकपॅड लॅपटॉपना १६ व्होल्ट लागतात आणि २००६च्या टी६०पासून २० व्होल्ट आले. तिथे पिनेचा आकारही बदलला म्हणून सहसा गोंधळ होत नाही, पण बाजारात मिळणाऱ्या बहुउपयोगी ॲडॅप्टरच्या टोप्यांनी ती सोयही नाहीशी केली आहे. शक्य असेल तर पहिली चाचणी करंट लिमिट असलेल्या बेंच सप्लायवर (प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणाऱ्या वीजपुरवठ्यावर) घ्यावी. थिंकपॅड सेकंडहँड घेत असाल तर एफ१ दाबून सेटअपमध्ये शिरून पाहा; सेटअपला कुलूप लावणारा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या मेमरी चिपमध्ये असतो आणि चपटा सेल काढल्याने तो जात नाही. फुगलेली लिथियमची बॅटरी घरी फोडून नवे सेल भरण्याच्या फंदात मी पडत नाही आणि ती घंटागाडीतही टाकू नये. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी.

अंबडच्या लॅपटॉपला घड्याळासाठी नवे निकेलचेच सेल दिले, कारण तो बोर्ड त्यांना सतत मंद चार्ज करतो आणि तिथे साधा लिथियमचा सेल डायोडविना (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाविना) लावणे धोक्याचे आहे. फक्त आता ते बोर्डाजवळ न ठेवता दोन तारा ओढून मुख्य बॅटरीच्या रिकाम्या खणात बसवले आहेत. काढलेला प्रत्येक भाग, तुटका चिपपायसुद्धा, लेबल लावून पिशवीत घालून यंत्रासोबत परत दिला आहे, कारण पुढे कोणी हे उघडेल तेव्हा मूळचे काय आणि माझे काय हे त्याला कळले पाहिजे.

सध्या अडले आहे ते फ्लॉपी ड्राइव्हपाशी. त्यातला रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला आहे. नवा पट्टा जरा सैल असला तरी चकतीचा मिनिटाला ३०० फेऱ्यांचा वेग टिकत नाही आणि वाचन चुकते. महात्मा गांधी रस्त्यावर तो मिळाला नाही, म्हणून मेन रोडजवळच्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, जिथे कॅसेट प्लेअरचे चपटे पट्टे अजून शिल्लक आहेत, तिथल्या काकांकडे मापासाठी ड्राइव्ह ठेवला आहे.