संकासुराचे चौकोन

यंदा गावच्या जत्रेतला दशावतार मी स्टँड लावून मोबाईलवर घेतला. आख्यान रंगात आलं आणि बॅटरीने मान टाकली, पण तोवर १०० मिनिटं झाली होती. डोंबिवलीच्या दादाला रजा मिळाली नव्हती, त्याला म्हटलं, उद्या यूट्यूबवर टाकून लिंक पाठवतो.

फाईल निघाली १२.७ जीबीची. घरी मोबाईलचंच नेट, अपलोडचा वेग २ एमबीपीएस. मी हिशेब केला सेकंदाला २ एमबीचा आणि तिथेच फसलो. हा आकडा मेगाबिटचा, फाईलचा मेगाबाइटचा. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाव एमबी, तासाला ९००. चौदा तास! आमच्याकडे सलग चौदा तास वीजही नसते.

मग झिप करून बघितलं. बारा पूर्णांक सात जीबीची बारा पूर्णांक सहा झाली. व्हिडिओ मोबाईलमध्येच दाबून साठवलेला असतो, झिपला पिळायला काही उरतच नाही. पुढे एक वेबसाइट सापडली, फुकटात व्हिडिओ लहान करून देणारी. तिची पहिली पायरी होती: फाईल अपलोड करा. कपाळावर हात मारला.

शेवटी लॅपटॉपवर हँडब्रेक नावाचं व्हिडिओ लहान करायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. फाईलचा आकार ठरतो बिटरेट (सेकंदाला किती बिट वापरायचे तो आकडा) गुणिले वेळ एवढ्यावरच, हे एव्हाना कळलं होतं. म्हणून हावरटपणे सरासरी बिटरेट १००० केबीपीएस दिला. फाईल झाली साधारण ७५० एमबी. गणपती झकास, रिद्धी-सिद्धी झकास, आणि मग दशावतारातला राक्षस, संकासुर आला. काळा पोशाख, मागे काळोख. त्याच्या अंगावर सगळे चौकोनच चौकोन, लाल जीभ तेवढी ओळखू येत होती.

चूक अशी की, बिटरेट बांधून दिला की सोप्या-अवघड सगळ्या दृश्यांना मिळून तेवढ्यातच भागवावं लागतं. त्याऐवजी हँडब्रेकमध्ये आरएफ नावाचा दर्जाचा आकडा ठेवता येतो: आकडा लहान तर चित्र चांगलं, फाईल मोठी. २२ ठेवला. संकासुर सुधारला, पण फाईल साडेसात जीबी! एवढे बिट खातंय कोण? थांबवून झूम केलं तेव्हा दिसलं. अंधारात मोबाईलने पडद्यावर बारीक वळवळणारे दाणे टिपले होते. दर फ्रेमला ते वेगळे. कॉम्प्रेशनची सगळी मदार मागच्या फ्रेमसारखं काय आहे ते पुन्हा न लिहिण्यावर, आणि इथे काहीच मागच्यासारखं नव्हतं. सगळे बिट त्या कचऱ्यावरच चालले होते.

हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये असे दाणे पुसणारं डीनॉइज आहे, त्यातलं एनएलमीन्स 'लाइट'वर ठेवलं. अख्खी फाईल लावण्याआधी फक्त संकासुराचे तीस सेकंद काढून बघितले (हे आधीच सुचलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या). रिझोल्यूशन १०८०पीच राहू दिलं, कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत, एच.२६४, आवाजाला हात लावला नाही. पेटी आणि झांज बिघडली तर दशावतारात राहिलं काय? एच.२६५ या नव्या पद्धतीने फाईल आणखी लहान झाली असती, पण माझा लॅपटॉप जुना, आणि यूट्यूब आपल्या बाजूने पुन्हा कॉम्प्रेस करतंच. म्हणून फार पिळूनही चालत नाही. पिळलेलं तिथे पुन्हा पिळलं जातं.

सहा तास पंखा घोंघावत होता. चार जीबी. रात्री दोनला उठून बघितलं तर नेट ५ एमबीपीएसवर आलेलं, अपलोड लावून झोपलो आणि चार वाजता ते संपलेलं होतं.

सकाळी दादाचा फोन. "संकासुर बरो दिसता रे. पण पुढ्यात ता डोकां कोणाचा?"