ओकवर लपलेला राजा

बाळगुटीच्या डब्यात वेखंड, हळकुंड यांच्या शेजारी मायफळ म्हणून जी कठीण गोळी असते, ते फळ नव्हेच. एका चिमुकल्या माशीने ओकवर अंडी घातली की झाड त्या जागी जी गाठ धरते, ती सहाणेवर उगाळून आपण बाळाला चाटवतो. दुसऱ्याच जातीच्या माशीमुळे इंग्लंडातील ओकवरही अशीच, पण मऊ आणि गुलाबीसर गाठ मे महिन्यात दिसते आणि तिकडचे लोक तिला चक्क ओकचे सफरचंद म्हणतात. २९ मेचा ‘ओक ॲपल डे’ तिच्याच नावाचा. राजसत्ता परतल्याच्या सणाला किडीने धरलेल्या गाठीचे नाव मिळावे, याची मला मोठी गंमत वाटते.

ओकचा मान मात्र खरा आहे. सप्टेंबर १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत, राजसत्ता मोडून काढणाऱ्या पार्लमेंट पक्षाचा सेनापती क्रॉमवेल याच्याकडून हरलेला एकवीस वर्षांचा राजा दुसरा चार्ल्स वेष पालटून पळाला आणि बॉस्कोबेल येथे कर्नल केअरलेससह दिवसभर एका ओकवर दडून बसला. झाड तीन-चार वर्षांपूर्वी छाटलेले होते, त्यामुळे नवी पालवी इतकी दाट फुटली होती की खालून काही दिसू नये. सोबत पाव, चीज आणि हलकी बिअर होती; खाली रानात शिपाई शोध घेत होते आणि पायांना फोड आलेला, जागरणाने थकलेला राजा कर्नलच्या हातावर डोके टेकून झोपला होता. राजांच्या सणात विजय असतो, इथे लपणे आहे. म्हणूनच तो लोकांना जवळचा वाटला असावा.

२९ मे १६६० रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, चार्ल्स लंडनमध्ये परतला. (पुढे लग्नात मुंबई आंदण मिळालेला आणि ती वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकणारा चार्ल्स तो हाच.) पार्लमेंटने तो दिवस उत्सवाचा ठरवला आणि लोक टोपीत ओकची डहाळी खोचू लागले. ज्याने खोचली नसेल त्याच्या पायांना पोरे खाजऱ्या पाल्याचे फटके देत. राजनिष्ठेची इतकी कडक तपासणी सरकारलाही जमली नसती.

१८५९ मध्ये पार्लमेंटनेच ही सुट्टी रद्द केली. तरीही डर्बीशायरमधील कॅसलटन गावात या दिवशी फुलांचा घंटेसारखा सांगाडा कमरेपर्यंत पांघरलेला ‘राजा’ घोड्यावरून मिरवतो आणि नंतर तो सांगाडा चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात. विल्टशायरमधील ग्रेट विशफर्डचे लोक तर पहाटेच रानात जाऊन ओकच्या फांद्या आणतात आणि सॉल्झबरीच्या कॅथीड्रलपुढे ‘ग्रोव्हली, ग्रोव्हली, अँड ऑल ग्रोव्हली’ अशी आरोळी ठोकतात. ग्रोव्हलीच्या रानातून लाकूड आणण्याच्या ज्या हक्कासाठी हे चालते, त्याची सनद १६०३ ची, म्हणजे चार्ल्सच्या जन्माच्याही सत्तावीस वर्षे आधीची आहे; तेव्हा राजाचा दिवस त्यांनी आपल्या सरपणासाठी सोयीचा मुहूर्त म्हणून वापरला, असे म्हटले तरी चालेल.