दोन हजार खोकी आणि न निघालेली वारी

2016 मध्ये आम्ही काढलेला पहिला मराठी पटावरचा खेळ पिशवीत घालून मी पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात फिरले. पुस्तकांचे दुकानदार म्हणाले, "ताई, हे खेळण्यांच्या दुकानात द्या." खेळण्यांच्या दुकानात सांगितलं, "मराठी आहे, पुस्तकवाल्यांकडे चालेल." पुढच्या वर्षी जीएसटी आला आणि आमची जागा सरकारनेच ठरवली. पुस्तकाला कर शून्य, पटावरच्या खेळाला 12 टक्के. खोक्यात आम्ही माहितीची पुस्तिका घालतो, पण कर खोक्याप्रमाणे लागतो.

तरीही 2019 पर्यंत चार खेळ झाले, पाच माणसं पगारावर आली. पाचवा खेळ आमचा सगळ्यात लाडका: आळंदी ते पंढरपूर. दिवे घाटात चाल मंदावते, चांदोबाच्या लिंबाला रिंगण होतं, आणि यात एकटं कुणी जिंकत नाही. सगळी दिंडी एकादशीपर्यंत पोहोचली तरच खेळ पुरा. ऑफसेटवर पाचशे छापले काय नि दोन हजार छापले काय, प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च तोच, म्हणून धीर करून दोन हजार छापले. मे महिन्याची सुट्टी डोळ्यांसमोर होती. माल बाइंडरकडून आला मार्च 2020 च्या दुसऱ्या आठवड्यात.

25 मार्चला सगळं बंद झालं.

त्या महिन्यांबद्दल लिहायचं तर हिशेबापासूनच लिहावं लागेल. कागदवाल्याचं आणि छापखान्याचं देणं डोक्यावर होतं. ज्या घाऊक विक्रेत्याने तीनशे खोक्यांची तोंडी ऑर्डर दिली होती, त्यांनी फोन घेणं थांबवलं. आधीच्या मालाचे पैसेही अडकले. मी आणि माझ्या भावाने स्वतःचा पगार बंद केला, पाचही जणांना विचारून त्यांचा निम्म्यावर आणला. दोन नव्या खेळांची चित्रं तयार होती, चित्रकारांचे पैसे चुकते करून ती कपाटात ठेवली. नवा खेळ थांबू शकतो, माणसांचं घरभाडं थांबत नाही, एवढंच आम्ही धरून ठेवलं होतं. सगळ्यात जड गेलं ते पेस्टिंगच्या, म्हणजे चिकटवण्याचं काम करणाऱ्या, मावशींना सांगणं. त्यांना नगावर पैसे मिळतात, म्हणजे काम नाही तर काहीच नाही. त्यातली एक म्हणाली, "ताई, पैसे मागाहून द्या, पण हाताला काहीतरी द्या." आम्ही त्यांच्या घरी खोकी पोहोचवली आणि पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवण्याचं, पोस्टाची पाकिटं बांधण्याचं काम दिलं. पोस्ट चालू होतं, त्याचा मोठा आधार झाला.

त्या वर्षी पायी वारी निघालीच नाही. 30 जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्याकडे ऑर्डरी येऊ लागल्या, बहुतेक वारकरी घरांतून. साताऱ्याच्या एका बाईंनी कळवलं, की त्यांचे सासरे रोज संध्याकाळी पट मांडतात आणि एकच मुक्काम पुढे जातात: आज सासवड, उद्याही सासवड, मग जेजुरी. खेळ तासाभराचा केला होता आम्ही. त्यांनी तो पंधरवडाभर पुरवला. तो निरोप मी सगळ्यांना वाचून दाखवला, तेव्हा कुणाला काही बोलता आलं नाही.

पण त्या ऑर्डरींनी दोन हजार खोकी संपत नाहीत. जुलैत पुण्यात पुन्हा टाळेबंदी, गोदाम बंद, वर पाऊस. उघडलं तेव्हा खालच्या थरातले पट ओलीने वाकले होते. कप्पा बोर्डाला, म्हणजे पटाच्या जाड पुठ्ठ्याला, एकाच बाजूने कागद चिकटवला की तो त्या बाजूला ओढतो, हे तेव्हा महागात शिकलो. आता मागेही कागद लावतो, खर्च वाढला तरी.

जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. शाईतलं शिसं, लहान मुलाच्या घशात जाईल असा फासा, हे तपासलंच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मोठा कारखाना आणि आमच्यासारखे पाचच खेळ काढणारे एकाच रांगेत उभे राहिले. दोन खेळ आम्ही त्यापायी बंद केले. पाठोपाठ कागद महागला.

2022 च्या दिवाळीत पगार पूर्ववत झाले, कापलेली रक्कम हप्त्याहप्त्याने परत दिली. 22 सप्टेंबर 2025 पासून आमच्या खेळांवरचा कर 5 टक्क्यांवर आला आहे. कपाटातली ती चित्रं बाहेर काढली आहेत. त्यातल्या पहिल्या खेळाचे पाचशेच छापतोय. मावशींकडे खेळातले पत्ते सोमवारी जातील.