फुलाजी राहिला

जुलै उजाडला की कोल्हापुरात दोन चौकशा सुरू होतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटाला आहे, आणि पावनखिंडीची मोहीम कधी निघणार? 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे सगळ्या गावाला पाठ. आमच्या दादाचा जीव मात्र रेडेडोहात अडकलेला असायचा. रेडेडोह फुटला की पाणी केर्लीच्या रस्त्यावर येतं आणि पन्हाळ्याची वाट बंद होते. मग शंभरावर पोरं न्यायची कशी? मोहिमेच्या आधीचा आठवडाभर तो उद्यमनगरातल्या कामावरनं सुटला की घरी न येता आधी शिवाजी पुलावर जायचा, कठड्याला टेकून पाणी बघायचा आणि मगच जेवायला यायचा.

आमचं मंडळ मंगळवार पेठेतलं. गणपती, शिवजयंती सगळं व्हायचं, पण दादाच्या लेखी मंडळाचा खरा सण आषाढातला. 12 जुलै 1660 च्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, भर पावसात महाराज सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा चुकवून पन्हाळ्यावरनं निघाले. बरोबर बांदलांचे सहाशे मावळे. त्याच वाटेनं, त्याच तारखांच्या आसपास दोन दिवस चालायचं, एवढाच कार्यक्रम. अशा मोहिमा काढणाऱ्या संस्था आणि मंडळं पुष्कळ आहेत. आमच्या मंडळात ती कधी चुकली नाही, आणि दादा होता तोवर त्याचीही नाही.

मी आठवीत असताना पहिल्यांदा गेले. नाना तयार नव्हते. पोरीच्या जातीनं दोन दिवस रानात, चिखलात? दादा म्हणाला, “माझ्या म्होरं चालंल. नजरंसमोर ऱ्हाईल की.” तेव्हा मला वाटलं होतं, आपण दोघंच बरोबर चालणार. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी नारळ फुटला, पुसाटी बुरुजाकडनं रांग खाली उतरायला लागली, तरी दादा जागचा हलेना. सगळे गेले, शेवटी मला पुढं घातलं आणि मागनं तो निघाला. मग कळलं की मोहिमेचा शेवटचा माणूस तो. कुणीही कितीही रेंगाळलं तरी दादाच्या मागं राहायचं नाही, असा मंडळाचा नियम.

हे शेवटी चालणं सोपं नसतं. पुढच्यांना चालायचा उत्साह असतो. शेवटच्याला दुसऱ्याच्या पायानं चालावं लागतं. ज्याचा गुडघा धरला त्याच्या चालीनं, ज्याची चप्पल चिखलात रुतली तिला सुतळी बांधेपर्यंत थांबून. दादाच्या पिशवीत सुतळी, दाभण, क्रेप बँडेज, गूळ-शेंगदाणे, जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी आणि मोज्यांचे दोन जादा जोड असायचे. हातात वेताची काठी, तिच्या बुडाला त्यानं स्वतः लेथवर केलेली लोखंडी शेंबी. मसाई पठारावर धुकं इतकं दाट उतरतं की चार पावलांवरचा माणूस दिसत नाही. सड्याच्या दगडावर त्या शेंबीचा टक्‌ टक्‌ आवाज मागनं येत राहिला की पुढच्याला धीर असायचा.

मसाई पठार तसं सपाट, पण वारा आडवा येतो आणि पाऊस खालनं वर उडाल्यासारखा तोंडावर बसतो. खोळीचा कागद फाटून जातो. देवीच्या देवळापाशी दादा पहिली मोजणी करायचा. तिथं कुणी गावकरी चुलीवर चहा करून विकत असला तर त्याच्याकडं सगळ्यात शेवटी चहा प्यायचा, बऱ्याचदा पातेल्यातला गाळच. पठार संपलं की कुंभारवाडी, खोतवाडी, मंडलाईवाडी. वाटेच्या दोन्ही अंगाला रोपलावण चाललेली असते. इरली पाठीवर घेतलेल्या बायका वर न बघता विचारतात, “कुठली म्हनायची पोरं?” आणि दादा दरवर्षी तितक्याच आनंदानं सांगायचा, “कोल्लापूरची, मावशी.”

मुक्काम करपेवाडीत किंवा आंबेवाडीत. ही आंबेवाडी चिखलीजवळची नव्हे, खूप आतली. शाळेच्या खोल्या, कुणाचा सोपा, कुणाची पडवी, जिथं कोरडं मिळेल तिथं अंथरायचं. आमटी-भाताचं जेवण झालं की कंदिलाच्या उजेडात मंडळाचे सर इतिहास सांगायचे. एके काळी ते आमच्या शाळेत होते, निवृत्त झाल्यावरही मोहिमेला यायचे. सरांचं सांगणं फार उत्तम. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून पन्हाळ्यावर डागल्या ते सांगायचे. नेबापूरचा शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत कसा बसला, पकडला गेला आणि ओळख पटल्यावर कसा मारला गेला, तेही सांगायचे. मग घोडखिंड, म्हणजेच आताची पावनखिंड. मग बाजीप्रभू, विशाळगडावरच्या तोफांचा आवाज. पोरं रडायची. सर थांबायचे, आणि अंधारात मागनं दादाचा आवाज यायचा, “सर, फुलाजी राहिला.”

बाजीप्रभूंचा भाऊ फुलाजीही त्याच लढाईत पडला. दोघांच्या समाध्या विशाळगडावर आहेत. सर हसून म्हणायचे, “हो, फुलाजी,” आणि पुढं बोलायचे. मला अजूनही वाटतं, सर मुद्दाम ते दादासाठी ठेवायचे. दादा शिकलेला बेताचाच, भाषण त्यानं जन्मात केलं नाही. वर्षातनं एकदा, शंभर माणसांसमोर, दोन शब्द तो बोलायचा.

दादा थंडीत गेला. सकाळी कामावर जायला निघाला आणि चप्पल घालता घालता दारातच बसला. वहिनीनं त्याची मोहिमेची पिशवी खुंटीवर होती तशीच ठेवली. जूनमध्ये मंडळाची बैठक झाली तेव्हा यंदा शेवटी कोण चालणार, हा विषय कुणी काढेना. मीच म्हटलं, मी चालते. इतकी वर्षं त्याच्या पुढं चालले होते. मागं काय काय करावं लागतं, ते सगळं कानांना ठाऊक होतं.

पिशवी आणायला घरी गेले तर वहिनी म्हणाली, “वन्सं, मी बी येते.”

वहिनी कधीच आली नव्हती. तीसेक वर्षं मोहिमेच्या आदल्या रात्री दशम्या करणं आणि तिसऱ्या दिवशी चिखलाचे कपडे पंचगंगेच्या पाण्यासारखा रंग सुटेस्तोवर धुणं, एवढाच तिचा मोहिमेशी संबंध. साठी ओलांडलेली. पोटऱ्या दुखायच्या. मंडळातल्या पोरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आत्या, काकूंना झेपायचं नाही. त्यांची काळजी खरी होती. पण शेवटच्या माणसाचं काम तरी दुसरं काय?

ती दोन दिवस माझ्या पुढं चालली. साधी रबरी चप्पल, नऊवारीचा ओचा खोचलेला, हातात दादाची काठी. फार हळू. पुढची रांग कधीच दिसेनाशी झाली आणि धुक्यात आम्ही दोघीच राहिलो. घरात ती दादाविषयी बोलली नव्हती. दहाव्या-तेराव्यालासुद्धा नाही. इथं मात्र विचारत राहिली. ते कुठं थांबत होते? हितं काय खात होते? या वढ्यातनं कसे जात होते? मी दाखवत गेले. मसाईच्या देवळापाशी तिनं चहा घेतला, पातेल्यातला शेवटचा. बसल्या बसल्या म्हणाली, “घरी दोन चमचे साखर लागायची त्यांना. हितं बिनसाखरेचा पीत हुते व्हय?” आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ बसली. मी घाई केली नाही. दगडाच्या कडेला पांढरी मुसळी फुलली होती, तीच बघत राहिले.

करपेवाडीत पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सगळ्यांची जेवणं झाली होती, पण कुणी झोपलं नव्हतं. आम्हाला ताटं वाढली आणि मग सरांनी सुरुवात केली. यंदा त्यांचा आवाज थकलेला वाटला. घोडखिंडीपर्यंत आले. तोफा झाल्या. बाजीप्रभू झाले. आणि ते थांबले. कौलांवर पाऊस वाजत होता. सर मान खाली घालून तसेच बसून राहिले. पुढं बोलेनात.

माझा घसा दाटला होता. मी तोंड उघडायच्या आत शेजारनं वहिनी म्हणाली, “सर, फुलाजी ऱ्हायला न्हवं?”

तिला ते कसं ठाऊक, हे मी नंतर विचारलं. म्हणाली, दरसाली मोहिमेहून आले की रात्री जेवताना सांगायचेच, आज सरांना सांगितलं बघ.

दुसऱ्या दिवशी पांढरपाणी ओलांडून दुपार टळताना खिंडीत उतरलो. पाणी जोरात होतं. पोरांनी जयजयकार केला, भंडारा उधळला. मी दादाच्या वहीत आकडा लिहिला, एकशे सात, सगळे सुखरूप. वहीत पूर्वीचे सगळे आकडे त्याच्या हातचे. काही पानं भिजून शाई पसरलेली, पण वाचता येतात. वहिनी काठावरच्या खडकावर बसून पाण्यात पाय सोडून होती. चपलेच्या पट्ट्यानं अंगठ्याजवळ सालटं निघालं होतं. मी पिशवीतनं पट्टी काढून लावायला बसले, तर पायाकडं बघत म्हणाली, “वन्सं, फुडल्या साली मला बूट घ्यायला पायजेत.”