आधी काय झालं? काही नाही, झोपला होता

ती ओळ पाचवीतल्या मुलीच्या अक्षरात होती. 'रात्री दोन वाजता. गालावर मारून घेतलं. आधी काय झालं: काही नाही, झोपला होता.'

कोपरखैरण्यातल्या एका माथाडी कुटुंबाच्या घरात मी जमिनीवर मांडी घालून बसले होते. गुरुवार होता, दुपारचे चार वाजत आले होते. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि पोटात खड्डा पडला.

शौर्य (नाव बदललं आहे) साडेपाच वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे. बोलत नाही, पण पाणी, खाऊ, बाहेर आणि नको अशी चार चित्रांची कार्डं बरोबर हातात आणून देतो. वडील एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये कामाला, त्यामुळे दिवसभराचं सगळं आई आणि आजी बघतात. त्या गुरुवारच्या महिनाभर आधी तो जेवताना स्वतःच्या डाव्या गालावर मूठ मारून घ्यायला लागला. गाल काळानिळा व्हायचा.

बिहेवियर थेरपीत आम्ही घरच्यांना तीन रकान्यांचा तक्ता भरायला देतो. आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. त्यातून कळतं की मूल हे कशासाठी करतंय: लक्ष वेधायला, एखादी वस्तू मिळवायला, नकोशा गोष्टीतून सुटायला, की त्या कृतीतून शरीराला काही मिळतंय म्हणून. आईने पाठवलेल्या तक्त्यात सगळ्या नोंदी ताटापाशीच्या होत्या. भाकरीचा घास पुढे आला की मूठ उठायची, मूठ उठली की आई घाबरून ताट बाजूला करायची. मी ठरवून टाकलं, याला जेवणातून सुटका हवी आहे.

उपायही माहितीतला होता. कार आणि ड्युरंड या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं होतं की त्रासदायक वागण्यातून मूल जे सांगू बघतंय, तेच सांगायचा सोपा मार्ग त्याला शिकवला तर ते वागणं कमी होतं. म्हणून 'नको'चं कार्ड दिलं की ताट लगेच बाजूला. मारून घेतलं तर मध्ये उशी धरायची, पण ताट हलवायचं नाही.

मारणं वाढलं. याला आमच्याकडे एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात. आजवर ज्याने काम व्हायचं ते अचानक चालेनासं झालं की मूल काही दिवस तेच आणखी जोरात करून बघतं. मी आईला फोनवर सांगितलं, "वाढणारच हे. धीर धरा, आता माघार घेऊ नका." तिने शब्द पाळला. नऊ दिवस ती माऊली उशी धरून बसली.

आणि आता ही वही. रात्री दोन वाजता ताट नव्हतं, घास नव्हता, बघायला कुणी जागं नव्हतं. मग सुटका कशातून?

वही आजीची होती. आजी जावळीकडच्या, लिहिता येत नाही, म्हणून नातीला सांगून लिहून घ्यायच्या. सुनेचा तक्ता माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, आजींना मी कधी विचारलंच नव्हतं. मागची पानं उलटली. 'गार पाणी प्यायला, मारलं.' 'चॉकलेट खाल्लं, मारलं.' 'मऊ भात खाल्ला, नाही मारलं.'

"मॅडम, प्वॉर डाव्या अंगानं चावतच न्हाय," आजी म्हणाल्या. "सूनबाईला म्हनले हुते म्या. पन तुमी सांगितलेलं चाललंय, मधी कशाला बोलायचं, म्हनून गप ऱ्हायले."

यावर काय बोलणार? मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आजी, चूक माझी झाली." आईला सांगितलं, आजपासून तो प्लॅन बंद, जेवायला मऊ भात द्या, आणि उद्याच दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ.

खालच्या डाव्या दाढेत खोलवर कीड होती, मुळाशी पू झाला होता. शुद्धीवर असताना तो तोंड उघडू देईना, त्यामुळे पुढच्या आठवड्यात भूल देऊन दाढ काढली. चार दिवसांत मारणं थांबलं. न बोलणाऱ्या मुलाचं वागणं अचानक बदललं तर आधी दात, कान, पोट, शौच, झोप बघायची, हे मी शिकले होते, दुसऱ्यांना शिकवतही होते. तरी ताटापाशीच्या नोंदींवर माझा विश्वास बसला. आता पहिल्या भेटीत या पाच गोष्टींची चौकशी होते, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना मी वेगळं बसवून विचारते.

मग पाचवं कार्ड आलं: 'दुखतंय'. हे शिकवणं फार अवघड. पाणी शिकवताना ग्लास दोघांनाही दिसतो. दुखणं त्याच्या आत असतं, नेमक्या कुठल्या क्षणी कार्ड हातात द्यायचं ते मला कसं कळणार? म्हणून जे दुखणं बाहेरून दिसतं त्याची वाट बघायची. गुडघा खरचटला, बोट दारात चेमटलं, सुई टोचली, की त्याच क्षणी कार्ड, दुखऱ्या जागी त्याचाच हात, आणि लगेच फुंकर. विळीवर आईचं बोट कापलं तेव्हा तिनेही आधी कार्ड उचलून त्याला दाखवलं, मग हळद लावली. चार महिने असेच गेले.

गेल्या महिन्यात संध्याकाळी तो आजीकडे आला. पडला नव्हता, लागलं नव्हतं. कार्ड तिच्या हातात ठेवलं, तिचं बोट धरलं आणि आपल्या कानावर नेलं. कान आतून लाल होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे औषध मिळालं.

आता तो हे कार्ड अभ्यासाला बसवलं की पण आणतो. आई मला विचारते, "मॅडम, हे नाटक असलं तर?" असेलही. त्याला अभ्यास नको असेल तर 'नको'चं कार्ड पुढे ठेवायचं, ते आम्ही करतोच. पण आजी काही न विचारता आधी मोबाईलची बॅटरी लावतात आणि म्हणतात, "आ कर बाळा." आणि तो तोंड उघडतो.