किती फूट?

आषाढ लागला की आमच्या गावभागात कुणी कुणाला "जेवलीस का" विचारत नाही. "किती फूट?" विचारतात. कशाचं, कुठलं, हे सांगायची गरज पडत नाही. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती चढलं, एवढाच त्याचा अर्थ. भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी हातात देता देता तेवढं विचारून घेते.

40 फुटांना इशारा, 45 ला धोका. सांगलीतल्या पोराला पाढ्यांआधी हे येतं. पूल 1929 चा. त्याच्यापाशी उभं राहून पाणी बघणं हा आमच्या ह्यांचा पावसाळ्यातला नेम होता. बँकेतून निवृत्त झाल्यावर तर सकाळ-संध्याकाळ. सायकलवर एका हातात छत्री धरून जायचे आणि निम्मे भिजून परत यायचे. चप्पल काढता काढता नुसता आकडा सांगायचे, "सत्तावीस." पुढं काही नाही. आवाजावरून मी ओळखायची, पाणी चढतंय की थांबलंय. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला "काळजी करू नकोस" असं एकदाही म्हटल्याचं आठवत नाही. आकडा मात्र न चुकता सांगितला.

"चाळीस. चहा टाक," म्हणाले की समजायचं, चहा पिऊन माळ्यावर सामान चढवायचं आहे. आधी तांदूळ-गहू, मग कागदपत्रं, मग गाद्या. देव मी शेवटपर्यंत खाली ठेवायची. त्यांना आधी वर टाकलं तर कृष्णामाईला वाटेल की आपण हिंमत सोडली. (ह्यावर ते हसायचे. पण देव्हाऱ्याला हात लावायचे नाहीत.)

2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं. रात्री घाईघाईत निघावं लागलं. ह्यांनी शेजारची दोन पोरं बोलावली, दोर बांधला आणि माझं शिलाई मशीन माळ्यावर ओढून घेतलं. घाम, चिखल, आरडाओरडा. त्या गडबडीत त्यांची स्वतःची कात्रणवही खालच्या फळीवर राहिली. 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्याची होती ती. गावसकरनं त्या मालिकेत 774 धावा केल्या होत्या, आणि त्यातली एकूण एक धाव ह्यांनी खळीनं चिकटवून ठेवली होती. आठवड्यानं परत आलो तेव्हा खिडकीच्या कठड्यापर्यंत चिखलाची रेघ, आणि वहीचा लगदा.

मी हळहळले. ते म्हणाले, "कागदच तो. मशीन लोखंडी, गंजलं असतं."

वही मी गच्चीवर वाळवली. वाळली, पण पानं एकमेकांना अशी चिकटली की वीट झाली. मी ती टाकली नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांपर्यंत चढलं, माळ्याच्या खाली जेमतेम दोन विती उरल्या. तेव्हा सगळ्यात आधी ती वीट वर टाकली, तांदळाच्याही आधी. ह्यांनी पाहिलं. "त्यात आता वाचायचं काय आहे?" एवढंच म्हणाले, आणि शिडी धरून उभे राहिले.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

मुलगा पुण्याला असतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीचा विसर्ग किती, सगळं त्याला माझ्याआधी कळतं. "आई, इकडं ये. नवव्या मजल्यावर कसला पूर?" खरंच आहे. मागच्या वर्षी दोन महिने राहून आले. सून जीव लावते, नातू माझ्याशेजारी झोपतो, तक्रारीला जागा नाही. पण तिथं पाऊस नुसता पडतो. तो कुठपर्यंत आला हे कुणी कुणाला सांगत नाही. लिफ्टमध्ये एका बाईंना मी सवयीनं विचारलं, "किती फूट?" त्या घाबरून म्हणाल्या, "तेराशे पन्नास, कार्पेट."

यंदा मी इथंच आहे. परवा दुपारी पाऊस जरा थांबला तशी रिक्षा करून पुलावर गेले. चष्म्यावर थेंब, फूटपट्टी काही दिसेना. शेजारी उभ्या पोराला विचारलं. "एकोणचाळीस, काकू. पण उतरतंय बघा," म्हणाला. पाणी तांबडंलाल, त्यात वाहून चाललेला एक अख्खा बाभळीचा बुंधा. थोडा वेळ बघत उभी राहिले. ह्यांना इथं एवढा वेळ काय लागायचा, हे इतक्या वर्षांत विचारायचं राहिलं.

घरी येऊन मुलाला मेसेज टाकला: "39."

लगेच फोन. "मला माहितीय आई, मोबाईलवर बघितलं." मग क्षणभर गप्प. "तू पुलावर गेली होतीस?"

छत्री गळत होती, दारात तळं साचत होतं. म्हटलं, नंतर बोलते.