तुम्ही विचारलंत म्हणून: फूल, दोन पानं आणि आडवी बाटली

रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी सावंतवाडीत लोक मला अजून बाईच म्हणतात. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे जुने विद्यार्थी भेटले की लग्नात, बँकेत, एसटी स्टँडवर, कुठेही एकच प्रश्न ठरलेला. एकदा तर दाताच्या डॉक्टरने (तोही माझाच विद्यार्थी) माझ्या तोंडात कापूस कोंबल्यावर विचारला. "बाई, देशात एवढे मोठमोठे निर्णय होतात, मग सरळ लोकांनाच का नाही विचारत? स्वित्झर्लंडमध्ये विचारतात, इंग्लंडने विचारलं, आपल्यालाच काय धाड भरलीये?"

माझं उत्तर: विचारावं की, पण कुणाला विचारणार ते आधी सांग. यावर समोरच्याला वाटतं बाईंनी प्रश्न टोलवला. म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

माझं आजोळ पेडण्याचं. गोव्यातलं हे पेडणं आमच्या सावंतवाडीहून तासाभराच्या आत, मधे बांदा आणि पत्रादेवीचा नाका. १६ जानेवारी १९६७ ला तिकडे मतदान झालं, गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित म्हणून वेगळं राहायचं. विलीनीकरणाला निशाणी फूल, वेगळं राहायला दोन पानं. आजीने फुलाला मत दिलं. मामा मडगावला नोकरीला होता, त्याने दोन पानांना. मी तेव्हा पाच वर्षांची होते, पण ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेलीय की मीच रांगेत उभी होते असं वाटतं. आजी रोजच्यासारखी अबोलीची फाती, म्हणजे गजरा, माळून गेली तर दारावरच्या कुणीतरी तिला म्हणे अडवलं, निशाणी घालून आत जाता येणार नाही म्हणून, आणि ती म्हणाली फाती काढीन पण मग केसही इथेच कापून ठेव. खरं किती आणि आजीने रंगवलेलं किती, रवळनाथालाच ठाऊक.

हे मतदान झालं कसं ते मुळात बघण्यासारखं आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं सरकार आलं. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र, जाहीरनाम्यात विलीनीकरण, मग त्यांनी आणि मुंबईत बसलेल्या बऱ्याच पुढाऱ्यांनी म्हणायला सुरुवात केली की लोकांनी कौल दिलाय, आता विधानसभेत ठराव करू की झालं. विरोधी बाजूचे डॉ. जॅक सिक्वेरा अडून बसले, आमदारांना नको, लोकांना विचारा. आपल्या घटनेत सार्वमताची तरतूदच नाही, राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार तिसऱ्या कलमाने संसदेला दिलाय, विधानसभेचं मत फक्त ऐकून घ्यायचं असतं. म्हणून १९६६ च्या डिसेंबरात संसदेने या एका मतदानासाठी वेगळा कायदा केला, आणि सरकारी यंत्रणेचा वापर झाला असं कुणी म्हणू नये म्हणून बांदोडकरांच्या सरकारने राजीनामाही दिला. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा पोरांना पटायचंच नाही.

निकाल: दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. मतदान जवळजवळ ८२ टक्के.

आमच्या सावंतवाडीत अजून हळहळणारे लोक आहेत, "चौतीस हजार मतांनी गोवा गेला हो!" अरे गेला कुठे, तिथेच आहे, दर रविवारी पेट्रोल भरायला तुम्हीच जाता ना. आणि पेट्रोलच नुसतं नाही, पण ते असो.

आता मला या सगळ्यातलं जे खरंच थोर वाटतं ते पुढे आहे. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी बांदोडकरांचा पक्ष परत निवडून दिला! १६ जागा, आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री. म्हणजे माणूस हवा, त्याचं सरकार हवं, पण त्याचा विलीनीकरणाचा हट्ट नको, हे लोकांना दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या कागदांवर नीट सांगता आलं. जे लोक म्हणतात "सामान्य माणसाला काय कळतं" त्यांना मी हाच दाखला देते. आणि जे म्हणतात "आम्हाला बहुमत मिळालंय, म्हणजे जाहीरनाम्यातल्या ओळन्‌ओळीला जनतेची मंजुरी आहे" त्यांनाही हाच. १९६३ च्या कौलावर ठराव केला असता तर जे झालं असतं ते लोकांना नको होतं, हे विचारलं म्हणून तर कळलं.

मग काय, मी सार्वमताच्या बाजूने? थांबा जरा.

आजीने फुलाला का दिलं? महाराष्ट्रावर तिचं प्रेम होतं असं काही नाही, ती तोवर सावंतवाडीपलीकडे गेलेली नव्हती. ती भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत मुंडकार होती. घर आमचं, घराखालची जमीन भाटकाराची, कधीही ऊठ म्हणेल ही धास्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. तिने ऐकलेलं की महाराष्ट्रात कूळकायदा आहे, तिकडे गेलो की भाटकाराचा धाक सुटला. तिकडे मडगावात मामाच्या ओळखीच्या माडकाराला भीती की महाराष्ट्रात दारूबंदी आहे, विलीन झालो की सुरेचं, म्हणजे माडीचं, मडकं उतरवायला लागेल. मामाला भीती नोकरीची, मुंबईहून साहेब येतील आणि आम्ही कायमचे कारकून. कोकणीचं प्रेम होतंच, नव्हतं असं नाही, पण गंमत अशी की विलीनीकरणाविरुद्धचं सगळ्यात धारदार लिखाण मराठीत छापून येत होतं, मडगावच्या 'राष्ट्रमत'मध्ये उदय भेंब्र्यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर, मामा ते कापून ठेवायचा. मराठीत वाचून मराठी राज्यात जायला नकार! तर मुद्दा असा की कागदावर प्रश्न एक होता आणि लोकांनी उत्तरं दिली ती आपापल्या प्रश्नांची, कुणी भाटकाराला, कुणी दारूबंदीला, कुणी मुंबईच्या साहेबाला. आणि स्वतंत्र राज्य हा पर्याय तर कागदावर नव्हताच, तो मिळायला ३० मे १९८७ उजाडला. प्रश्न लिहिणाऱ्याने दोनच खिडक्या ठेवल्या तर बाहेरचं तेवढंच दिसणार.

आणि विचारलं कुणाला? गोव्यात राहणाऱ्यांना. मुंबईत गिरगाव-धोबीतलावात हजारो गोंयकार होते, त्यांना मत द्या अशी मागणी होती, मिळालं नाही. आमची एक मावशी गिरगावात होती, ती मरेपर्यंत म्हणायची "आमकां कोणें विचारलें?" पण उलट बाजूही बघा ना. महाराष्ट्रालाही कुणी विचारलं नाही, आणि तेच बरं केलं. समजा ठरलं असतं की दोघांचा प्रश्न आहे, दोघांनी मिळून मतदान करावं, तर गोव्यातले पावणेचार-चार लाख मतदार महाराष्ट्राच्या कोट्यवधींपुढे चटणीलाही पुरले नसते, आणि वर आपण म्हटलं असतं की लोकशाही पद्धतीने झालं.

म्हणून म्हणते, कुणाला विचारायचं हे ज्याने ठरवलं त्याने अर्धा निकाल लावला.

इंग्लंडचं घ्या. माझा भाचा लंडनला, २३ जून २०१६ ला युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं त्याचं मतदान होतं. हा पठ्ठ्या जाऊन चार वर्षं झालेली, पासपोर्ट आपला भारताचा, तरी त्याला मत होतं कारण राष्ट्रकुलातल्या देशांच्या तिथे राहणाऱ्या नागरिकांना होतं. शेजारची पोलंडची बाई, मुलं तिथेच जन्मलेली, जिचं तिथे राहणंच त्या निकालावर लटकलेलं, तिला नव्हतं. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, मला कसंतरीच वाटलं गं, तिच्या घराचा निर्णय मी करून आलो." निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१. त्यात स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहायचं म्हटलं होतं, तरी त्यांना बाहेर जावं लागलं, मोजणी सगळ्यांची एकत्र ना. आणि बाहेर पडायचं म्हणजे नेमकं कसं, ते कुणी विचारलंच नव्हतं, त्याच्यावर साडेतीन वर्षं पार्लमेंटात भांडत बसले, प्रत्यक्ष बाहेर पडले ३१ जानेवारी २०२० ला. स्वित्झर्लंडचं कौतुक करणाऱ्यांनाही एक सांगते, तिथे बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला १९७१ मध्ये, कारण ते सार्वमताने ठरायचं होतं आणि मत द्यायचं होतं फक्त पुरुषांनी. १९५९ ला विचारलं तर नाही म्हणाले!

लांब कशाला जायचं, आपल्याकडे तर गावागावात सार्वमत आहे की. दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान, उभी बाटली की आडवी बाटली. पंचवीस टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली की सह्या तपासून मतदान लावतात. कागदावर खरंच दोन बाटल्यांची चित्रं असतात, दुकान राहू दे तर उभी, बंद करा तर आडवी. एका गावात मी माझ्या विद्यार्थिनीसोबत गेले होते, तिनेच सह्या गोळा केलेल्या. भर उन्हात बायका रांगेत, कडेवर पोरं, एक म्हातारी तर शिक्का मारून आल्यावर मोठ्याने म्हणाली, "निजवली एकदाची!" सगळी रांग हसली. संध्याकाळी मोजणीत आडव्या बाटलीला ढीगभर मतं, उभीला नावाला. आणि तरी दुकान राहिलं. कारण नियम असा की आलेल्या मतांच्या नाही तर यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडायला हवीत. यादीत कोण? मेलेल्या म्हाताऱ्या, लग्न होऊन गेलेल्या लेकी, मुंबईत धुणीभांडी करणाऱ्या बायका, कुणाचीच नावं काढलेली नाहीत. म्हणजे मेलेल्या बायांची मतं उभ्या बाटलीला! विद्यार्थिनी रडायला लागली, मला तिला काय सांगावं सुचेना, शाळेत मीच शिकवलेलं ना की बहुमत म्हणजे निम्म्याहून एक जास्त. कशाच्या निम्म्याहून ते मी कधी सांगितलंच नव्हतं.

मागे एकदा एका लग्नाच्या पंगतीत मुंबईचे एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, बेळगावात सार्वमत घ्या, होऊन जाऊ दे दूध का दूध. मलाही बेळगावचं दुखतं हो, १९६७ ला बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हापासूनचं सगळ्यांनाच दुखतंय. मी फक्त विचारलं, मतदान कुणी करायचं? बेळगाव शहराने, जिल्ह्याने, की अख्ख्या कर्नाटकाने? "अर्थात तिथल्या मराठी भागाने." बरं, मग विदर्भाचं? तिथे वेगळं राज्य मागणाऱ्यांनी मधे स्वतःच पेट्या ठेवून कौल घेतला होता (तसल्या कौलात हवं म्हणणारेच येतात, ते सोडा), पण उद्या सरकारनेच घेतला तर फक्त विदर्भाने मत द्यायचं की सगळ्या महाराष्ट्राने? गृहस्थ जिलेबीकडे वळले.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांचं घर हलणार आहे त्यांना जरूर विचारा, आणि त्यांनाच विचारा. कुठल्या राज्यात राहायचं, गाव धरणाखाली जाणार तर जायचं का, दारात दुकान हवं का. पण जीएसटीचे दर किती असावेत किंवा अमुक देशाशी करार करावा का, हे मला विचारू नका, त्यासाठी मी खासदार निवडून दिलाय, त्याने अभ्यास करावा आणि चुकला तर पाच वर्षांनी मी बघते. आणि एखाद्या लहान समाजाला काय मिळावं न मिळावं यावर सगळ्या देशाचं मतदान तर अजिबातच नको, त्याचा निकाल मोजणीआधीच ठरलेला असतो.

आजीचं सांगायचं राहिलं. त्या वर्षी गणेश चवथीला मामा मडगावहून आला, गणपतीवर फळंफुलं टांगलेल्या माटोळीखाली पंगत बसली, जेवणं झाल्यावर आजीने सगळ्यांना विडे दिले आणि मामाच्या हातात नुसती सुपारी ठेवली. म्हणाली, पानं तुझ्याकडे आहेत ना दोन, तीच खा. बरीच वर्षं हे असंच चाललं, मामी बिचारी स्वयंपाकघरातून गुपचूप त्याला विडा आणून द्यायची. मग १९७५ मध्ये गोव्याच्याच विधानसभेने मुंडकारांसाठी कायदा केला, आणि खेटे घालता घालता कधीतरी आमच्या घराखालची जमीन आजीच्या नावावर झाली, विलीनीकरण न होताच. कागद हातात आला त्या दिवशी तिने देवापुढे विडा मांडला, विड्याला पानं दोन लागतात, ती तिने नीट पुसून एकावर एक ठेवली. मामा दाराशी उभा राहून बघत होता. आजी मागे न वळताच म्हणाली, "हांसूं नाका."